यंदाचा उजळ मध

९ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान, आणि वन्सं म्हटलेलं तुला लग्नापासून आवडत नाही. तरी म्हणते. चिडलीस तर बरंच, कारण सध्या इथे माझ्यावर कुणी चिडतच नाही. सगळे हळू आवाजात बोलतात. परवा शेजारणीचं दूध उतू गेलं तर 'असू दे गं, असू दे' म्हणत ती माझ्याच पाठीवरून हात फिरवत बसली. दूध तिचं होतं.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर काहीतरी बोलावं लागतं. पत्रात गप्प बसता येतं.

तू इथून परत गेल्याला तीन आठवडे झाले. तेवढ्यात मी मध गाळून घेतला. माश्यांच्या चोवीस पेट्यांचे अकरा डबे भरले. चौकटींवरचं मेण सुरीने काढलं, चौकटी यंत्रात उभ्या केल्या, हँडल फिरवलं, मध खाली आला. सगळं हातांनी केलं, मी फक्त तिथे उभी होते. चव घेतली नाही. पहिला चमचा नेहमी तुझ्या दादाचा असायचा. आणि तसंही तोंडाला चव नाही. चहात साखर घातली की नाही हे मी डब्याचं झाकण उघडं आहे का ते बघून ठरवते. यंदा मधाचा रंग उजळ आलाय. वर डोंगरावर ऊन जास्त पडलं असेल.

मला अजून रडू आलेलं नाही, हे तुला म्हणून सांगते. बाकीच्यांना सांगितलं तर ते वाट बघत बसतात.

सोबत तीन छोट्या बाटल्या पाठवते आहे. यंदाचे नमुने. दरवर्षी तुझा दादा पाठवायचा आणि वर चिठ्ठी लिहायचा, 'भिंगवाल्या बाईंनी लवकर बघावं, नाहीतर मुंग्या आधी बघतील.' मला तसलं काही सुचत नाही. तुमच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला की सेंद्रियचं प्रमाणपत्र पुढे चालू राहील. लेबलं छापून आली आहेत. नेहमीसारखंच, 'उंच डोंगरावरच्या रानफुलांचा सेंद्रिय मध'. त्याखाली या वेळी मी त्याचं नाव घालून घेतलं. बारा वर्षं तो दर बहराला पेट्या घेऊन वर जाऊन राहिला, पण बाटलीवर त्याचं नाव कधी नव्हतं. 'नावात काय मध लागलाय' म्हणायचा. हा त्याने आणलेला शेवटचा मध. तो त्याच्या नावाने लोकांच्या घरात जावा, एवढंच मला हवंय. दुसरं काही हवंसं वाटत नाही, आणि हेही वाटतंय म्हणजे नवलच.

तुझी,
वहिनी


१८ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

बाटल्या मिळाल्या. नमुने मी पाहिले. दोनदा पाहिले.

एक विचारते. यंदा तू नक्की काय केलंस, ते मला खरं खरं सांग. मला सगळं कळलंय असं नाही, पण जे कळलंय ते पुरेसं आहे. मी अजून कुणाकडे बोलले नाही. घरात नाही, ऑफिसात तर नाहीच.

तू त्या दिवसांत एकटी होतीस, डोक्यावर ओझं होतं, हे मला समजतं. माणूस अशा वेळी काहीतरी करून बसतो आणि मग ते बोलायची सोय राहत नाही. मी तुला फाडून खाणार नाही. पण दादा असता तर त्याने हे होऊ दिलं नसतं, हेही मला लिहायलाच हवं. त्याच्या नावाचा प्रश्न आहे, वहिनी. तूच लिहिलंस की तुला दुसरं काही नको. मग हे असं का?

मी गोल गोल लिहिते आहे, मला माहीत आहे. तू आपणहून सांगावंस अशी माझी इच्छा आहे. तुझ्या तोंडून कळलं तर पुढे काय करायचं ते आपण दोघी ठरवू.

हल्ली मी बसमध्ये रडते. शेजारी बसलेली माणसं उठून दुसरीकडे बसतात, त्यामुळे जागा ऐसपैस मिळते.

तुझी,
धाकटी


२६ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

चोराच्या मनात चांदणं. तुझं पाकीट हातात आलं तेव्हाच मला वाटलं की तुला कळलं. कुणी सांगितलं ते विचारत नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल, नाहीतर शेजारणीने. भिंती पातळ आहेत आणि माझा आवाज मोठा.

खरं सांगते. तुझ्या दादाला वर मी पाठवलं.

मे महिन्यात एकदा पेटी उचलताना तो मध्येच थांबला आणि छातीवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, इथे जड वाटतंय. मी म्हटलं, पेटी जड आहे, म्हणून. पुन्हा जूनमध्ये जिना चढताना थांबला. म्हणाला, यंदा वरच्या कुरणापर्यंत जमेल असं वाटत नाही, खेचरांबरोबर दोन दिवस चढायचं म्हणजे... मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. मी भांडी घासत होते. मी म्हटलं, 'चढता येईना, डोंगर वाकडा.' आणि हसले. तोही हसला. मग मी असंही म्हटलं की दरवर्षी बहर जवळ आला की तुझं काही ना काही दुखतं, मागच्या वर्षी गुडघा होता, त्याआधी दात. आणि पेट्या इथेच ठेवल्यास तर ज्याने त्याने औषध मारलेल्या शेतांतून माश्या फिरतील, मग कसलं सेंद्रिय आणि कसलं रानफूल, ते लेबल काय तोंडाला बांधायचं?

हे सगळं मी गमतीने म्हटलं. निम्मं गमतीने म्हटलं.

तो एक जुलैला पेट्या घेऊन खेचरवाल्याबरोबर गेला. सहा आठवडे वर राहिला. खेचरवाला दर शनिवारी माझ्याकडून डबा आणि सामान घेऊन जायचा आणि त्याची चिठ्ठी घेऊन यायचा. 'बहर चांगला आहे. माश्या खूश. थंडी वाजते.' थंडी वाजते म्हटल्यावर मी लोकरीचा स्वेटर पाठवला, कानटोपी पाठवली. फोन तिथे लागत नाही, आणि वर जाऊन बघून यावं असं दोन-तीनदा मनात आलं, पण दोन दिवस चढायचं, दोन दिवस उतरायचं, घर आणि मेणाचं काम कोण बघणार. गेले नाही.

चौदा ऑगस्टला तो आला. संध्याकाळी पेट्या उतरवल्या, एकेक करून ओळीने ठेवल्या. आत आला. मी फरशी पुसत होते. मी म्हटलं, 'बूट बाहेर काढ.' तो परत बाहेर गेला, पायरीवर बसला, एक बूट काढला. दुसरा मी काढला, पण नंतर.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी त्यांना विचारलं, चढाने असं होतं का? ते म्हणाले, चढ चांगला नव्हेच. तेव्हापासून मी फरशी पुसते, मध गाळते, जेवते, झोपते. झोपही लागते, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. आत काही हलत नाही. मी त्याला वर पाठवलं, एवढं एक वाक्य आहे, बाकी जागा रिकामी.

तुझा भाऊ होता. तुला काय म्हणायचं असेल ते म्हण. ओरडून म्हणालीस तरी चालेल.

वहिनी


३ ऑक्टोबर

वहिनी, माझी वहिनी,

थांब. आधी मला माफ कर आणि मग हे सगळं पत्र एका दमात वाच.

मी तुला हे विचारलंच नव्हतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तुझ्यावर चोरीचा संशय घेतला होता. मला वाटलं, दादा गेल्यावर मध कमी भरला असेल आणि दुकानदाराला कबूल केलेले डबे पुरे करायला तू खालच्या शेतकऱ्यांकडून मध आणून मिसळलास. इतकी वर्षं भिंगातून बघून माणसाची अक्कलही तेवढीच बारीक होते बहुतेक.

मी काय पाहिलं ते सांगते. मध कोमट पाण्यात विरघळवून यंत्रात गरगर फिरवला की तळाशी परागकण बसतात. ते काचपट्टीवर घ्यायचे आणि पाचशे होईपर्यंत एकेक मोजायचे. प्रत्येक फुलाचा कण वेगळा, त्यावरून माश्या कुठे चरल्या ते कळतं. तुमच्या वरच्या कुरणातली फुलं मी झोपेत ओळखेन. ती निळी घंटांसारखी फुलं, ती खडकातली पांढरी लवेची. बारा वर्षं तीच बघत आले. या वेळी पाचशेत ती फक्त सहा होती, आणि ती बहुधा वसंतात घरामागच्या उतारावरून आली असतील. बाकी सगळं सूर्यफूल आणि लसूणघास. काटेरी चेंडूच चेंडू. तिन्ही बाटल्यांत तेच. सूर्यफूल वरच्या कुरणात कुणी हाताने पेरलं तरी उगवणार नाही, वहिनी.

आणि तू तर मिसळलेलं नाहीस. तू जे आलं ते गाळलंस.

मग याचा अर्थ एकच होतो. पेट्या वर गेल्याच नाहीत. दादा वर गेलाच नाही. सहा आठवडे त्या पेट्या कुठल्यातरी खोऱ्यात, शेतांच्या मधोमध होत्या, आणि त्या तिथे असताना तो त्यांना सोडून एकटा डोंगर चढायला जाणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तू त्याला वर पाठवलंस, पण तो गेला नाही. त्याला चढाने मारलेलं नाही. हे मी भावाची बहीण म्हणून नाही सांगत, पाचशे कण मोजलेली बाई म्हणून सांगते.

आता दुसरी गोष्ट. अहवाल अजून माझ्याच टेबलावर आहे. खरा लिहिला तर प्रमाणपत्र जाईल, आणि त्याचं नाव छापलेली ती लेबलं लावता येणार नाहीत. लोक म्हणतील, मेल्यावर चोरी पकडली. नमुना खराब झाला असं लिहिलं तर मागच्या वर्षीच्या अहवालावर अजून एक वर्ष चालतं. मी आजवर असं कधी केलेलं नाही. तू म्हणशील तर करेन.

त्याने असं का केलं असेल? तो तर बाटलीला दोन थेंब कमी पडले तरी झोपायचा नाही.

तुझी,
धाकटी


९ ऑक्टोबर

वन्सं,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. तुझं काहीतरी चुकलं असेल. पुन्हा मोज, आणि त्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडूनही मोजून घे.

डब्यांतला मध थिजलाय. चमचा उभा राहतो. आपला मध कधी हिवाळ्याआधी थिजत नाही, लवकर थिजतो तो सूर्यफुलाचा.

खेचरवाला मला बघून दोनदा रस्ता ओलांडून गेला. आजवर मला वाटत होतं की दुःखाच्या घरची बाई दिसली म्हणून तो संकोचतो. उद्या त्याच्या घरी जाते.

वहिनी


१५ ऑक्टोबर

वहिनी,

पुन्हा मोजले. शेजारच्या टेबलानेही मोजले, तिला काही न सांगता. तिच्या पाचशेत वरची फुलं पाच निघाली.

अहवाल कोराच ठेवलाय. पत्र टाक. लिहायला काही नसेल तर कोरा कागद टाक, पण टाक.

धाकटी


२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

उशीर झाला. दोन ठिकाणी जायचं होतं.

खेचरवाला आधी नाहीच म्हणाला. मग त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि त्याला म्हणाली, 'सांगून टाका आता. किती दिवस रस्ते ओलांडणार?' मग त्याने सांगितलं. तो रडला, मी त्याला पाणी दिलं. सगळं उलटंच चाललंय.

तुझा दादा जूनमध्येच तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता. त्यांनी डोंगर बंद करायला सांगितलं. हिवाळ्यात मोठ्या इस्पितळात जाऊन ऑपरेशन करून घ्या म्हणाले. त्याने खेचरवाल्याला विचारलं, वर नाही तर कुठे? खेचरवाल्याची एक मावसबहीण डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सूर्यफुलाच्या शेतावर असते. दोन वळणांच्या पुढे जाईपर्यंत पेट्या मुद्दाम खेचरांवर नेल्या, मला खिडकीतून दिसाव्यात म्हणून, आणि तिथून पुढे ट्रकने त्या शेतावर. 'घरी बोलू नकोस,' म्हणाला. 'ती हसण्यावारी नेईल, नाहीतर घाबरेल. दोन्ही मला आत्ता नको. मध घेऊन जाईन तेव्हा मीच सांगेन.'

चोरीचं म्हणशील तर, तो असंही म्हणाला होता की यंदाच्या मधाला ते लेबल लावायचं नाही, साधा शेतातला मध म्हणून विकायचा. तेही मला घरी आल्यावर सांगणार होता. तुझा भाऊ लबाड नव्हता. लोकांशी तर नव्हताच. मला तेवढा घाबरत होता.

तू लिहिलंस की त्याला चढाने मारलं नाही. ते वाचून छातीवरचा दगड उतरायला हवा होता. उतरला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मला नीट श्वास घेता आला. मग त्या जागी दुसरंच येऊन बसलं. डॉक्टरांचं ऐकायची अक्कल त्याला होती. डोंगराला नाही म्हणायची हिंमत होती. मला सांगायची नव्हती. एकोणीस वर्षांच्या संसारात मी काय असं केलं असेन, याचा हिशेब मी करत बसले आणि मला भांडी घासतानाचं माझं हसणंच तेवढं ऐकू आलं. मला त्याचा रागही आला. भयंकर आला. ऑगस्टपासून मला आलेली ही पहिली गोष्ट. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हटलं, 'अरे, सांगायचं होतंस ना!' शेजारीण धावत आली, आणि या वेळी तिला मी घालवून दिलं.

लेबलं मी बंबात घातली. त्याचं नाव असलेली लेबलं आहेत म्हणून एक क्षण थांबले, पण त्या नावाच्या वर जे छापलंय ते त्यालाच चाललं नसतं. अहवालात जे दिसलं ते लिही. सूर्यफूल आणि लसूणघास, एकही कण इकडचा तिकडे करू नकोस. प्रमाणपत्र जाईल तर जाऊ दे, पुन्हा मिळवता येतं. दुकानदाराला मी सांगितलं. तो म्हणाला, साधा मध म्हणून घेतो.

आणि मी त्या शेतावर जाऊन आले. मावसबहीण म्हणजे पन्नाशीची बडबडी बाई. सूर्यफुलं कापून झाली आहेत, नुसते धांडे उभे होते. शेडमध्ये तो झोपायचा ती खाट अजून तशीच आहे, आणि खिळ्याला मी पाठवलेला लोकरीचा स्वेटर. जुलैच्या उन्हात तिथे कुत्रीसुद्धा सावलीतून हलत नाहीत म्हणाली. मग तिने मला तिच्या फाटकासमोरचा बसथांबा दाखवला. म्हणाली, 'तुमचे मालक रोज संध्याकाळी इथे बाकावर येऊन बसायचे. साडेपाचची बस आली की उठून उभे राहायचे, बस गेली की परत बसायचे. मी एकदा विचारलं, कुणी यायचंय का? तर म्हणाले, नाही हो, ही आमच्या गावाला जाते.'

मला वाटत होतं तो दोन दिवसांच्या चढावर आहे. म्हणून मी गेले नाही, वन्सं. म्हणून गेले नाही.

मी त्याच बाकावर बसले. साडेपाचची बस आली. चढले, खिडकीशी बसले, आणि सुटताना घड्याळ बघितलं. घरासमोर उतरले तेव्हा पुन्हा बघितलं. एक तास चोवीस मिनिटं लागली. त्यातली दहा मिनिटं बस चहाला थांबली होती.

तुझी,
वहिनी